निळी कोंबडी आणि अपुरा धडा

आनुवंशिकतेचे प्रकरण शिकवताना वाटाण्याच्या पाठोपाठ दोन उदाहरणे हमखास येतात. एक गुलबाक्षीच्या फुलांचे आणि दुसरे अँडालुशियन कोंबडीचे. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या संकरातून गुलाबी फुले, काळ्या आणि पांढऱ्या कोंबड्यांच्या संकरातून निळी पिल्ले. खाली एक चौकट, तिच्यात १:२:१ हे प्रमाण, आणि शेवटी वाक्य : ‘यास अपूर्ण प्रभाविता असे म्हणतात.’ धडा इथे संपतो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, चौकट काढतो आणि गुण मिळवतो.

हे उदाहरण चुकीचे आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. उलट, शालेय पुस्तकांत प्राण्यांच्या आनुवंशिकतेची जी मोजकी उदाहरणे येतात त्यांत हे सर्वांत बोलके आहे. आमची तक्रार वेगळी आहे. ज्या कारणासाठी हे उदाहरण एकेकाळी गाजले, नेमके तेच कारण आपल्या धड्यांतून गळून पडले आहे. जे उरले आहे त्यातून मुलांच्या मनात दोन-तीन चुकीच्या समजुती पक्क्या होण्याचा धोका आहे. शिक्षकांनी या धड्याकडे पुन्हा एकदा चिकित्सक नजरेने पाहावे म्हणून हा लेखप्रपंच.

‘बिघडलेली’ पिल्ले

मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले. ते प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवणाऱ्या पहिल्या काही जणांत इंग्लंडचे विल्यम बेटसन होते. कोंबड्यांच्या तुऱ्यांवरचे त्यांचे प्रयोग १९०२ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पुनेट (आपण वर्गात काढतो ती चौकट यांच्याच नावाची) यांनी १९०५ साली ‘मेंडेलिझम’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात अँडालुशियन कोंबडीची हकिकत आहे.

ही कोंबडी पाळणाऱ्या हौशी लोकांना एक जुनी डोकेदुखी होती. प्रदर्शनात बक्षीस मिळे ते पाटीच्या रंगाच्या, राखी-निळसर पक्ष्याला. पण कितीही निवडक निळा कोंबडा आणि निळी कोंबडी एकत्र ठेवली तरी पिल्लांपैकी सुमारे निम्मीच निळी निघत. उरलेल्यांत निम्मी काळी आणि निम्मी पांढुरकी, अंगावर निळे-काळे शिंतोडे असलेली. पाळणारे त्यांना बिघडलेली, टाकाऊ पिल्ले समजत, बाजूला काढत आणि पुढच्या वर्षी पुन्हा निळ्यांतून निळे निवडत. वर्षानुवर्षे निवड करूनही ‘बिघाड’ कमी होईना.

मेंडेलच्या नियमांनी हे चित्र उलटे केले. काळ्या पक्ष्यात एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकसारख्या असतात. शिंतोडीतही दोन्ही प्रती एकसारख्या, फक्त दुसऱ्या प्रकारच्या. निळ्यात मात्र प्रत्येकी एक. म्हणजे ज्यांना टाकाऊ ठरवले तेच या गुणापुरते शुद्ध, आणि ज्याला शुद्ध जातीचा म्हणून बक्षीस दिले तो संकरज! निळ्याचा निळ्याशी संकर केला तर निम्मी पिल्ले निळी. पण टाकून दिलेल्या काळ्याचा टाकून दिलेल्या शिंतोडीशी संकर केला तर सगळीच्या सगळी निळी. उत्तर खुराड्यातच होते, ते दरवर्षी फेकले जात होते.

या उदाहरणाचा जीव इथे आहे. आपल्या धड्यात नेमका हाच प्रसंग नसतो.

रंग मिसळत नाहीत

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ‘काळी + पांढरी = निळी’ असे चित्र पाहिल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर रंगपेटी येते. काळा आणि पांढरा रंग कालवला की राखी होतो, तसेच इथेही झाले असावे असे त्याला वाटते. मेंडेलपूर्वी अनेक विद्वानांनाही असेच वाटत होते. आईवडिलांचे गुण संततीत कालवले जातात, ही ती कल्पना.

अँडालुशियन कोंबडी ही कल्पना खोडून काढते. रंग खरोखर कालवले गेले असते तर निळ्या-निळ्यांच्या पोटी फक्त निळीच पिल्ले आली असती. एकदा कालवलेल्या रंगातून काळा आणि पांढरा पुन्हा वेगळा काढता येत नाही. इथे तर पुढच्याच पिढीत स्वच्छ काळे पिल्लू बाहेर येते. याचा अर्थ निळ्या कोंबडीच्या शरीरात दोन्ही जनुके आपापली ओळख राखून होती. परिणाम मधला दिसला, पण जनुके मिसळली नाहीत. ‘अपूर्ण प्रभाविता’ हा शब्द दिसणाऱ्या रूपाविषयी बोलतो, जनुकांविषयी नव्हे. हे एक वाक्य धड्यात हवे. ते नसल्याने, मेंडेलच्या बाजूचा साक्षीदार मुलांच्या मनात मेंडेलविरुद्ध साक्ष देतो.

कोणता पांढरा?

तिसरी गोष्ट ‘पांढरी’ या शब्दाची. एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने काळ्या कोंबड्याबरोबर अंड्यांसाठी पाळतात ती पांढरी लेगहॉर्न कोंबडी ठेवली, तर निळी पिल्ले निघतील का? नाही. बहुतेक पिल्ले पांढरी निघतील, फार तर अंगावर थोडे काळे ठिपके. धडा खोटा ठरला असे त्या विद्यार्थ्याला वाटेल. दोष त्याचा नाही. सगळे पांढरे एकच, असे धड्यानेच त्याला सांगितले आहे.

कोंबडीत पांढरेपणा अनेक वाटांनी येतो. अँडालुशियनमधील शिंतोडी पांढरी कोंबडी मुळात काळीच. तिच्यातील जनुकाच्या दोन प्रती काळ्या रंगद्रव्याला फार फिके करतात, एक प्रत असेल तर निळसर करते. लेगहॉर्नमधील पांढरा प्रभावी आहे. रंगद्रव्याचे कण ज्या प्रथिनाच्या आधाराने तयार होतात त्या प्रथिनाच्या जनुकात (त्याचे नाव पीएमईएल-१७) तेथे बदल झालेला असतो, हे २००४ साली दाखवले गेले. तिसरा पांढरा अप्रभावी आहे. त्यात रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या जनुकात बिघाड असतो. बेटसन व पुनेट यांच्या प्रयोगांत तर दोन वेगळ्या पांढऱ्या वाणांच्या संकरातून रंगीत पिल्ले निघाली होती. एकात जे कमी होते ते दुसऱ्याने पुरवले.

वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी यातून सुंदर उदाहरण तयार होते. प्रभावी पांढऱ्याचा अप्रभावी पांढऱ्याशी संकर केला, तर पहिली पिढी सगळी पांढरी. दुसऱ्या पिढीत १६ पैकी १३ पांढरी आणि ३ रंगीत. रंगीत होण्यासाठी प्रभावी पांढऱ्याचे जनुक मुळीच नको (१/४) आणि रंग तयार करणारे जनुक निदान एक तरी हवे (३/४). गुणाकार ३/१६. पाठ केलेले ९:३:३:१ इथे चालत नाही, विचार करावा लागतो.

काळ्याचीही हीच गोष्ट. मध्य प्रदेशातील झाबुआची कडकनाथ कोंबडी आपल्याला माहीत आहे. तिची कातडी आणि मांससुद्धा काळे असते. हा काळेपणा वेगळ्या जनुकाचा आहे, पिसांच्या काळेपणाशी त्याची गल्लत करू नये. कडकनाथमध्ये सोनेरी व रुपेरी छटांची पिसे असणारे पक्षीही असतात आणि त्यांची कातडीही काळीच असते.

चार पिल्लांचे कोडे

चौथा मुद्दा गणिताचा आहे. चौकटीत चार घरे असतात. त्यामुळे चार पिल्ले झाली की एक काळे, दोन निळी, एक शिंतोडी असा हिशेब मुले मांडतात. प्रत्यक्षात चार पिल्लांत हे प्रमाण तंतोतंत येण्याची शक्यता १६ पैकी ३ एवढीच आहे. बारा पिल्लांत नेमके ३:६:३ येण्याची शक्यता तर सुमारे ७ टक्के. म्हणजे शंभरांपैकी ९३ वेळा खुराड्यातले आकडे पुस्तकापेक्षा वेगळे असतील, आणि तरीही नियम खराच असेल.

हे समजावण्यासाठी कोंबड्यांची गरज नाही. प्रत्येक मुलाला दोन नाणी द्या. दोन्ही छाप म्हणजे काळे पिल्लू, एक छाप एक काटा म्हणजे निळे, दोन्ही काटे म्हणजे शिंतोडी. प्रत्येकाने बारा वेळा नाणी उडवावीत आणि आकडे फळ्यावर लिहावेत. कोणाकडे निळी नऊ असतील, कोणाकडे तीनच. मग साऱ्या वर्गाची बेरीज करा. चाळीस मुलांची ४८० ‘पिल्ले’ १:२:१ च्या किती जवळ येतात ते मुलांनाच पाहू द्या. मेंडेलने हजारो वाटाणे का मोजले, याचे उत्तर त्यांना तासाभरात मिळेल.

धडा संपतो तिथे काम सुरू होते

पिसांवर नवी नक्षी आणू पाहणाऱ्याचे काम एका जनुकाने भागत नाही. निळा करणारे जनुक फक्त काळ्या रंगद्रव्यावर काम करते, तांबड्यावर नाही. म्हणून तांबड्या-काळ्या पक्ष्यात ते आले तर काळा भाग निळसर होतो, तांबडा तसाच राहतो. प्रत्येक पिसाला गडद किनार हवी असेल तर आणखी दोन-तीन जनुके एकत्र यावी लागतात. तीन स्वतंत्र जनुकांत एकाच वेळी शुद्ध असलेला पक्षी दुसऱ्या पिढीत सरासरी ६४ त एक मिळतो. जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असली तर हा हिशेबही बदलतो. ‘संकर केला की नवा रंग मिळतो’ हे वाक्य किती अपुरे आहे हे यावरून लक्षात येईल. संकराने जनुकांची फेरमांडणी होते. नवे वाण मिळते ते त्यानंतरच्या अनेक पिढ्यांच्या निवडीने आणि नोंदीने.

लिंगसंलग्न आनुवंशिकतेसाठी आपण वर्णांधता आणि रक्तस्राव रोग एवढीच उदाहरणे देतो. कोंबड्यांत मादीची लिंग-गुणसूत्रे असमान असतात, म्हणजे माणसाच्या उलट. तांबडा ऱ्होड आयलंड कोंबडा आणि रुपेरी लाइट ससेक्स कोंबडी यांच्या पिल्लांत नर फिक्या पिवळ्या लवेचे आणि माद्या तांबूस लवेच्या. पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतात. असा उपयोग करता येईल हे पुनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच सुचवले होते. पिसांचा रंग ही केवळ हौस नव्हे, हे मुलांना यावरून कळेल. आपल्याकडेही परसबागेसाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा ही कोंबडी मुद्दाम रंगीत ठेवली आहे. गावात रंगीत पक्ष्याला मागणी असते, आणि तो घारीच्या नजरेत पांढऱ्याइतका भरत नाही.

जवळचे उदाहरण

अँडालुशियन कोंबडी आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेली नसते. पण उघड्या मानेची गावठी कोंबडी काही गावांत दिसते. तिचे जनुकही अपूर्ण प्रभावी आहे. एक प्रत असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा झुबका राहतो, दोन असतील तर मान जवळजवळ पूर्ण उघडी. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लातही हे ओळखता येते. ज्या मुलांच्या घरी अशी कोंबडी आहे त्यांना कोंबडा, कोंबडी आणि पिल्ले यांची नोंद ठेवायला सांगावे. गावात कोंबडे मोकळे फिरतात, त्यामुळे ‘बाप कोण’ हा प्रश्न येईलच. तो प्रयोगाच्या काटेकोरपणाचा पहिला पाठ ठरेल.

शेवटी एक शब्दांचा मुद्दा. आपल्या भाषेत कोंबडीच्या वाणाला आणि माणसांच्या समाजाला ‘जात’ हा एकच शब्द आहे. ‘शुद्ध’ आणि ‘संकर’ हे शब्दही विज्ञानाच्या तासाला येताना सामाजिक ओझे घेऊन येतात. चाळीस मुलांच्या वर्गात ते ओझे कोणाच्या पाठीवर पडते हे शिक्षकांना सांगायला नको. म्हणून स्पष्ट सांगावे की, जीवशास्त्रात शुद्ध म्हणजे अमुक एका जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असणे, एवढेच. तोच पक्षी दुसऱ्या जनुकाच्या बाबतीत संकरज असू शकतो. त्यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. निळ्या कोंबडीच्या हकिकतीत तर माणसांनी ठरवलेला श्रेष्ठपणा आणि जनुकांची शुद्धता एकमेकांच्या विरुद्ध होती.

तेव्हा यंदाच्या परीक्षेत ‘अपूर्ण प्रभाविता म्हणजे काय?’ या प्रश्नाऐवजी असा प्रश्न घालून पाहावा : ‘एका पाळणाऱ्याला सगळी पिल्ले निळी हवी आहेत. तो दरवर्षी काळी व शिंतोडी पिल्ले विकून टाकतो. त्याला काय सल्ला द्याल? कारणे द्या.’ आलेली उत्तरे वाचताना आपण शिकवलेला धडा कुठवर पोचला ते आपल्यालाही समजेल.