सुखडी गोड लागली, पण कोणाला?

नगर जिल्ह्यात १९७२च्या दुष्काळावर मुलाखती घ्यायला गेलात, तर पारनेर असो की जामखेड, दोन गोष्टी हमखास ऐकाल: रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुखडी. मिलोच्या भाकरीला नावं ठेवतील, सुखडीची चव मात्र अजून जिभेवर असते. वर "पण तेव्हा माणसं समाधानी होती" हे वाक्य येतंच.

ते वाक्य वहीत जरूर उतरवा, पण प्रबंधात निष्कर्ष म्हणून टाकू नका. आधी सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय मोजा. आज नुकतीच साठी ओलांडलेला माणूस तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. सुखडी त्याच्या हातात पडली. खडी फोडली आई-बापानं.

ब्रिटनमध्येही तेच. महायुद्ध संपलं तरी तिथं रेशनिंग १९५४पर्यंत चाललं. गोळ्या-चॉकलेटं १९५३मध्ये खुली झाली. तो आनंद आज सांगणारे तेव्हा मुलंच होते. कुपनांवर आठवडा भागवणाऱ्या बहुतेक आया आता सांगायला उरल्या नाहीत.

अशी आठवण खोटी नसते, पण ती पोराच्या उंचीवरून पाहिलेली असते. म्हणून "काय खायचात?" एवढ्यावर थांबू नका. रांगेत कोण उभं राहायचं, दळण कोण करायचं, सगळ्यात शेवटी कोण जेवायचं आणि तोवर टोपल्यात काय उरायचं, हेही विचारा.

तेव्हा कामावर गेलेल्या काही आज्या अजून आहेत, ऐंशीच्या घरात. आधी त्यांच्याकडे जा. सुखडीबद्दल सांगणारे पुढच्या वर्षीही भेटतील.