चित्र दिसले, वस्तू दिसली का?

चीनच्या गान्सू प्रांतात, वाळवंटाच्या कडेला दुनह्वांग हे गाव आहे. जवळच्या मोगाव लेण्यांत १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूला भिंतीआड बंद केलेली एक खोली सापडली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बुजवलेल्या या लहानशा खोलीत हस्तलिखिते, छापील ग्रंथ आणि रेशमावरील चित्रे ठासून भरलेली होती. १९०७ मध्ये ऑरेल स्टाईन यांनी वांगला सुमारे १३० पौंड देऊन हस्तलिखितांच्या २४ आणि चित्रे-वस्त्रांच्या ५ पेट्या नेल्या. पुढच्या वर्षी पॅरिसहून पॉल पेलिओ आले, नंतर जपानी व रशियन. उरलेल्यापैकी बरेचसे बीजिंगला गेले. स्टाईन यांच्या मोहिमेच्या खर्चाचा काही भाग हिंदुस्थान सरकारने उचलला होता; म्हणून त्यांच्या संग्रहाचा एक वाटा आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हा विखुरलेला ठेवा निदान चित्ररूपाने एकत्र आणावा म्हणून १९९४ साली आंतरराष्ट्रीय दुनह्वांग प्रकल्प सुरू झाला. त्याचे मुख्य केंद्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. १९९८ पासून ही चित्रे इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येऊ लागली. प्रकल्पाची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तही आहे. आम्ही येथे विज्ञान शिकवणाऱ्याच्या नजरेने एवढेच विचारणार आहोत, की अशा चित्राला पुरावा केव्हा म्हणायचे?

या संग्रहातला ताऱ्यांचा नकाशाच घ्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो इ. स. ६४९ ते ६८४ या काळातला ठरवला आहे. दुर्बिणीच्या हजारएक वर्षे आधीच्या या गुंडाळीत १३०० हून अधिक तारे बारा पट्ट्यांत आणि एका ध्रुवीय नकाशात मांडले आहेत. तारे वेगवेगळ्या रंगांत आहेत, आणि तो रंग शोभेसाठी नाही. कोणता तारा कोणत्या जुन्या ज्योतिर्विदाच्या यादीतला, हे त्यावरून कळते. लंडनमधील दुनह्वांगच्या चिनी हस्तलिखितांची मायक्रोफिल्म १९५० च्या दशकात झाली, पण ती कृष्णधवल. तारे दिसत, माहिती मात्र निम्मी हरवलेली असे. प्रकल्पाच्या रंगीत चित्रांचे खरे मोल इथे आहे.

याच गुंडाळीत ताऱ्यांच्या आधी ढगांच्या आकारांवरून शकुन सांगणारा भाग आहे. नुसता तारानकाशा कापून भिंतीवर लावला की तो निखळ खगोलशास्त्राचा वाटतो. प्रकल्प पूर्ण गुंडाळी दाखवतो, तशी मागची बाजूही दाखवतो. हे फार शहाणपणाचे झाले, कारण दुनह्वांगमध्ये कागद जपून वापरीत. पुढे बौद्ध सूत्र, तर मागे करारमदार, हिशेब, शाळकरी मुलांचे अक्षर गिरवणे! शिक्षकाला पुढच्यापेक्षा मागची बाजूच जास्त आवडेल, अशी आमची खात्री आहे.

आकाराच्या बाबतीत मात्र संगणकाचा पडदा दगा देतो. इ. स. ८६८ मध्ये ठशांनी छापलेले वज्रच्छेदिका सूत्र हे छपाईची तारीख असलेले जगातले सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक. (ते सर्वांना फुकट वाटण्यासाठी काढले आहे, असे त्याच्या शेवटी छापलेले आहे.) त्याची लांबी ५ मीटरहून जास्त आहे. पडद्यावर ते आणि तळहाताएवढा तुकडा सारख्याच रुंदीचे दिसतात. आकडा शेजारी लिहिलेला असतो, पण मुले आकडा वाचत नाहीत. व्हरांड्यात खडूने ५ मीटरची रेघ ओढून मग चित्र दाखवावे.

चित्र कितीही स्पष्ट असले तरी वस्तू कुठे सापडली हे ते स्वतः सांगू शकत नाही. खोतानचा इस्लाम अखुन हा गृहस्थ कागद झाडाच्या डिंकाने रंगवी, धुरावर धरी, वर वाळवंटाची वाळू चोळी आणि कोणालाही न येणाऱ्या लिपीतले ‘प्राचीन’ ग्रंथ विकी. कलकत्त्याचे विद्वान रुडॉल्फ हर्न्ले यांनी त्या लिप्या उलगडण्यासाठी बराच काळ खर्च केला, लेखही छापले. वस्तू हातात असून ते फसले! स्टाईन यांनी जागोजाग स्वतः खणून पाहिले, तेव्हा त्या लिपीचे एक अक्षरही मिळाले नाही. १९०१ मध्ये अखुनने कबुली दिली. म्हणूनच प्रकल्पाने चित्रांसोबत मोहिमांची जुनी छायाचित्रे आणि नकाशेही दिले आहेत, हे आम्हाला चित्रांइतकेच महत्त्वाचे वाटते.

आता तक्रारी. संकेतस्थळ इंग्रजी, चिनी, जपानी, रशियन अशा अनेक भाषांत निघाले. त्यांत एकही भारतीय भाषा नव्हती. मांडणी तज्ज्ञांच्या सोयीची आहे, नवखा माणूस त्यात लवकर थकतो. शिवाय चित्रे जपणारी यंत्रेही नाजूकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तिची संगणकीकृत हस्तलिखिते कित्येक महिने पाहता आली नाहीत.

आणखी एक गोष्ट खटकते. चित्रे एकत्र आली म्हणून मूळ वस्तू कोणाच्या, हा प्रश्न मिटत नाही. उलट ‘आता सगळे सर्वांना दिसतेच आहे’ म्हणून तो बाजूला सारणे सोपे होते. तारानकाशाचा संग्रहक्रमांक एस. ३३२६ असा आहे. त्यातला ‘एस’ स्टाईन यांचा. पॅरिसमधल्या हस्तलिखितांना पेलिओ यांचा ‘पी’ लागतो. खोली उघडणाऱ्या वांगचे अक्षर कोणत्याही क्रमांकात नाही.