मथळा एकदाच लिहावा, पण कोणापुरता?

हजेरीपटाच्या पानावर ‘क्रमांक, नाव, जन्मतारीख’ हे मथळे वरच्या ओळीत एकदाच असतात. प्रत्येक मुलाच्या ओळीत ‘हे नाव, ही जन्मतारीख’ असे कोणी लिहीत बसत नाही. मात्र पान वरून फाटले आणि मथळ्यांची पट्टी गेली, तर समोरची तारीख जन्माची की शाळाप्रवेशाची, हे सांगता येत नाही. संगणकजालावरील वाहतूक मोजण्याचे जे प्रमाणक आज आहे, त्याचा गाभा एवढाच आहे.

इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांच्या मालिकेत नोंदवले जातात, त्यांना आरएफसी म्हणतात. ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यांपैकी २०१३ चा आरएफसी ७०११ आणि २००९ चा आरएफसी ५४७३ हे दोन आम्ही एखादे पुस्तक वाचावे तसे वाचले. पहिला प्रमाणक आहे, दुसरा केवळ माहितीपर.

राउटर पॅकेटे पुढे ढकलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच वेळी तो हिशेबही ठेवू शकतो. कोणत्या पत्त्याहून कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवर, किती पॅकेटे आणि किती बाइट गेले, याची एकेका प्रवाहाची नोंद करून तो ती एका संग्राहक संगणकाकडे पाठवतो. पत्रातला मजकूर त्यात नसतो, पण कोण कोणाशी बोलले हे असते. देयके, जालाची आखणी, हल्ल्याचा संशय, सारे यावर उभे असते. अडचण अशी की हा हिशेबसुद्धा त्याच जालावरून जातो. वाहतूक मोजण्यासाठीच फार वाहतूक होऊ लागली, तर मोजणी कसली?

सिस्को कंपनीच्या नेटफ्लो पद्धतीच्या पाचव्या आवृत्तीत रकाने कायमचे ठरलेले होते. २४ बाइटांचे शीर्ष, ४८ बाइटांची एकेक नोंद आणि एका पॅकेटात जास्तीत जास्त ३० नोंदी, म्हणजे एकूण १४६४ बाइट. इथरनेटच्या १५०० बाइटांच्या मर्यादेत हे नेमके बसते. पण पत्त्याला जागा ४ बाइटांचीच. आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा १६ बाइटांचा पत्ता त्यात मावेना. म्हणून नवव्या आवृत्तीत, जी २००४ मध्ये आरएफसी ३९५४ म्हणून प्रसिद्ध झाली, साचा आला. आधी मथळे पाठवायचे, त्यांना २५६ किंवा पुढचा क्रमांक द्यायचा आणि मग त्या क्रमांकाखाली नुसते आकडे. याच कल्पनेवर आयपीफिक्स हे प्रमाणक २००८ मध्ये उभे राहिले आणि २०१३ मध्ये सुधारून ७०११ झाले.

फायदा करून पाहू. दोन पत्ते १६-१६ बाइटांचे, दोन पोर्ट २-२, प्रोटोकॉल १, पॅकेटांची संख्या ४ आणि बाइटांची संख्या ४, मिळून ४५ बाइट. सात रकान्यांचा साचा शीर्षांसह ३६ बाइटांचा होतो. एका रकान्याचे वर्णन ४ बाइट घेते. ते दर नोंदीबरोबर पाठवले असते, तर ४५ मागे २८ बाइट नुसत्या मथळ्यांचे. हजार नोंदींना २८,०००. त्याऐवजी ३६! इतका स्वस्त सौदा क्वचितच पाहायला मिळतो.

पण आमची पहिली तक्रार इथेच आहे. साच्याचा क्रमांक एका जोडणीपुरता आणि त्यातही एका निरीक्षण-क्षेत्रापुरताच खरा असतो. एका राउटरमधील दोन कार्डे ही दोन क्षेत्रे मानली, तर अक्षरशः तोच साचा दोनदा पाठवावा लागतो आणि संग्राहकाला दोनदा जपून ठेवावा लागतो. हा कडकपणा अकारण नाही. दोन क्षेत्रांनी २५६ हाच क्रमांक वेगवेगळ्या मथळ्यांना दिला आणि संग्राहकाने घोळ केला, तर पोर्ट म्हणून पाहावा तो आकडा पत्त्याचा तुकडा निघेल, आणि चूक लक्षातही येणार नाही. आम्हाला हा निर्णय पटतो. पटत नाही ते हे की नियम ठसठशीत येतो आणि त्यामागचे कारण वाचकाने स्वतः उभे करायचे.

आरएफसी ५४७३ सामायिकपणाची हीच कल्पना आणखी पुढे नेतो. मथळेच नव्हे, पुन्हा पुन्हा येणारी मूल्येही एकदाच सांगा. एकाच सर्व्हरकडे हजार प्रवाह जात असतील तर त्याचा पत्ता, पोर्ट आणि प्रोटोकॉल हे १९ बाइट एकदा पाठवून त्यांना, समजा, २ बाइटांचा क्रमांक द्या. नोंद ४५ वरून २८ बाइटांवर येते. हजारांचे ४५,००० होते, ते २८,०२१ होतात, अधिक नव्या साच्याचे थोडे बाइट. दर सर्व्हरकडे एकच प्रवाह असेल, तर मात्र उलट तोटा.

मोल वेगळ्याच ठिकाणी द्यावे लागते. हिशेब यूडीपीने पाठवला, तर पॅकेट हरवले तरी पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणून यूडीपीवर साचे ठरावीक वेळाने पुन्हा पाठवायचा नियम आहे. सामायिक मूल्यांची ती एक नोंद हरवली, तर हजार नोंदी हाती असूनही त्या कोणाकडे गेल्या हे सांगता येत नाही. पूर्वी एक पॅकेट गेले तर त्यातल्याच नोंदी जात. हल्ला चालू असताना जाल तुंबते आणि पॅकेटे हरवतात तीही तेव्हाच. काटकसरीचे कौतुक करताना हा धोका आम्ही दुय्यम मानणार नाही. हिशेब टीसीपी किंवा एससीटीपीने जात असेल तरच ही पद्धत स्वीकारावी, असे आमचे मत आहे.

भाषेबद्दल थोडे. ‘करावेच’, ‘करावे’, ‘करता येईल’ या तीन पायऱ्या ७०११ इतक्या काटेकोरपणे पाळतो की कायद्याच्या मसुद्याची आठवण होते. शिक्षकांनी मात्र आधी परिशिष्टातले उदाहरण उघडावे. त्यात एका प्रवाहाची ५००९ पॅकेटे आणि ५३,४४,३८५ बाइट दिले आहेत. भागाकार केल्यास पॅकेटामागे सुमारे १०६७ बाइट येतात. १५०० च्या मर्यादेशी ताडून हा आकडा शक्य कोटीतला आहे का, हे अकरावीच्या मुलांना विचारता येईल. मग दोन रकान्यांची अदलाबदल करून तोच भागाकार पुन्हा करायला सांगावा.