अर्धे दिसलेले, पुरे ओळखलेले
(वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांच्या निमित्ताने)

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभा राहिलेला सामान्य प्रेक्षक प्रथम म्हणतो, यात काहीच नाही. आणि क्षणभराने तोच म्हणतो, त्या कोपऱ्यात मात्र होडीसारखे काहीतरी दिसते. जाणकारांना हे दुसरे वाक्य खपत नाही. वस्तुनिरपेक्ष चित्रात वस्तू शोधणे हा त्यांच्या लेखी अडाणीपणा. आम्ही येथे या प्रेक्षकाची बाजू घेणार आहोत. त्याच्यावर होणारा अन्याय चित्रकारावरही होतो, असे आम्हांस वाटते.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी आपल्या नागपुरात, एका गोमंतकीय कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९४८ साली मिळवली. पुढे ते दिल्लीस स्थायिक झाले व २००१ साली तेथेच निवर्तले. वृत्तपत्रांनी त्यांचे नाव घरोघर पोहोचवले ते २०१३ च्या डिसेंबरात, मुंबईच्या एका लिलावात त्यांच्या चित्राला तेवीस कोटींहून अधिक रुपये आले तेव्हा. किमतीचा विषय आम्ही इथेच सोडतो. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना रुचत नसे. ‘वस्तुनिरपेक्ष’ हेच विशेषण ते मान्य करीत. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिलेले नाही.

परंतु वस्तू शोधणे वा न शोधणे प्रेक्षकाच्या हाती कितपत असते? आपल्या प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर, जेथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते तेथे, एक आंधळा ठिपका आहे. सतराव्या शतकात मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो दाखवून दिला. तरीही जगाला भोक पडलेले आपल्याला कधी दिसत नाही. आसपासच्या रंगरेषांवरून मेंदू ते बुजवून टाकतो. १९५५ साली इटलीचे मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझा यांनी तीन काळ्या चकत्या काढल्या, प्रत्येकीतून भाकरीचा तुकडा मोडावा तशी एक फोड काढून घेतली, आणि त्या फोडी एकमेकींकडे वळवल्या. मधोमध पांढराशुभ्र त्रिकोण लख्ख दिसू लागतो. त्याच्या बाजूंची रेघ मात्र कागदावर कोठेच नसते. १९८४ साली माकडांवरील प्रयोगांत आढळले की अशा नसलेल्या कडेलाही मेंदूच्या दृष्टिविभागातील काही पेशी प्रतिसाद देतात. म्हणजे ती कड निव्वळ हौसेने कल्पिलेली नव्हे. विचार जागा होण्यापूर्वीच ती उभी राहिलेली असते.

याहून बोधक गोष्ट २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनातली आहे. उपचारासाठी मेंदूत विद्युत्-तारा बसवलेल्या रुग्णांना वस्तूंचे काही तुकडेच दाखवले, तेव्हा ओळखीचा संकेत उमटला. पण संपूर्ण चित्राच्या मानाने सुमारे एक दशांश सेकंद उशिरा. अपुऱ्या माहितीवर मेंदूला अधिक काम करावे लागते; वरच्या पातळीवरचा अंदाज खाली पाठवून पुन्हा पडताळून घ्यावा लागत असावा.

गायतोंडे नेमका हा विलंब ताणतात. रोलरने रंगाचा थर द्यायचा, सुरीने तो ओढायचा, फाडलेल्या कागदाचे तुकडे वापरून रंग उतरवायचा वा उचलायचा, ही त्यांची रीत. त्यामुळे कड सुरू होते आणि धुक्यात विरते. अक्षरासारखी खूण दिसते, पण कोणत्याही लिपीत बसत नाही. मेंदू अंदाज पाठवतो, तो पडताळला जात नाही, दुसरा पाठवतो. होडी दिसणे आणि हातची निसटणे हाच या चित्रांचा अनुभव आहे. होडी न शोधणाऱ्याला तो मिळणार कोठून? साठच्या दशकारंभीच्या काही चित्रांत आडवे पट्टे इतके ठळक आहेत की डोळ्याला क्षितिज आणि समुद्र तत्काळ सापडतो, आणि मग करण्यासारखे काही उरत नाही. ती चित्रे आम्हांस उणी वाटतात. नागपूरच्याच कलाशाळेत शिकलेल्या रझांनी पुढे प्रेक्षकाच्या हाती पुरा बिंदू दिला. गायतोंडे यांनी तेवढेही दिले नाही.

येथे मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आठवणे अपरिहार्य आहे. बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूने प्रथम स्पर्श केला तेव्हा त्याला माणसे झाडांसारखी, पण चालताना दिसली. दुसऱ्या स्पर्शानंतरच सारे स्पष्ट झाले. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात उपचाराने दृष्टी लाभलेल्या भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००९ साली प्रसिद्ध झाली. एकमेकांवर आलेल्या स्थिर आकृती त्यांना आरंभी वेगळ्या करता येत नसत; त्या हलू लागल्या की जमत असे. शुभवर्तमानातल्या माणसालाही ‘झाडे’ माणसे असल्याचे कळले ते बहुधा त्यांच्या चालण्यावरूनच. प्रवचनांत या पहिल्या, अर्धवट दृष्टीची आपण अनेकदा घाईने वासलात लावतो. आमच्या मते त्या माणसाने दाखवलेला प्रामाणिकपणा मोठा होता: दिसले तेवढेच त्याने सांगितले.

तो प्रामाणिकपणा गायतोंडे यांच्या काही भक्तांपाशी आढळत नाही. त्यांना होडी नको असते, पण ‘परमतत्त्व’, ‘मौन’, ‘समाधी’ मात्र झटकन दिसतात. चित्रकाराला झेनविषयी आस्था होती हे खरे; तरी रिकाम्या दिसणाऱ्या जागेत देव बसवून मोकळे होणे हीदेखील घाईची पूर्तीच आहे, आणि होडीपेक्षा अधिक आळशी. होडीवाला निदान चित्राच्या विशिष्ट कोपऱ्याकडे बोट तरी दाखवतो. श्रद्धावान वाचकांनी तर या बाबतीत अधिकच सावध असावे, असे आम्ही सुचवू.

पुस्तकांतल्या गुळगुळीत छपाईवर मात्र विसंबू नये. तळहाताएवढ्या प्रतिमेत थरांची खोली नाहीशी होते, कडा पक्क्या होतात आणि होडी खरोखरच होडी होऊन बसते. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. दिल्लीस जाणाऱ्या कुटुंबांनी तेथे चौकशी करावी. मुलांना सोबत न्यावे, आणि त्यांना काय दिसते ते आपण बोलण्याआधी विचारावे.