सर्पांचे रंग व रसिकांची दृष्टी

साहित्यविषयक मासिकात सापाचे काय काम, असा प्रश्न काही वाचक करतील. कॉर्न स्नेक नावाचा एक अमेरिकन साप काचेच्या पेटीत पाळावयाचा, जोड्या लावून त्याच्या निरनिराळ्या रंगांच्या जाती निपजवावयाच्या आणि प्रत्येक जातीस एकेक मोहक नाव द्यावयाचे, असा एक छंद अलीकडे मुंबईच्या आसमंतात शिरला असून ठाणे व कल्याण-डोंबिवलीकडील उंच इमारतींसही तो आता अपरिचित राहिलेला नाही. या छंदाविषयी आजवर जे बोलले जाते ते एक तर कौतुकाचे असते, नाही तर किळसेचे. परंतु ज्या उद्योगात निवड आहे, रंगसंगती आहे आणि नामकरण आहे, त्यात अभिरुचीचा प्रश्न येतोच. व अभिरुचीचा प्रश्न आला की समीक्षकाने तेथे जावयास हरकत नसावी. छंदी लोक स्वतःच आपल्या सापांस ‘जिवंत कलाकृती’ म्हणतात. तेव्हा कलाकृतीस जी कसोटी लावतात ती येथे लावली, तर त्यांनी रागावू नये.

प्रथम मूळ जीवाची ओळख करून घेतली पाहिजे. हा साप संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातला. लिनीअसने १७६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो बिनविषारी असून उंदरांवर जगतो, पूर्ण वाढीस चार-पाच फुटांपर्यंत जातो, आणि नीट सांभाळल्यास पेटीत वीस वर्षेही काढतो. पाठीवर नारिंगी किंवा करड्या भूमीवर तांबडे ठिपके, त्या प्रत्येकास काळी किनार, आणि पोटाखाली काळ्यापांढऱ्या चौकटी. या चौकटी रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले असे कोणी म्हणतात. मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागे तो सापडे म्हणून पडले, असे दुसरे म्हणतात. आम्हांस दुसरी उपपत्ती अधिक रुचते, कारण तीत सापाचा उद्योग आहे. कसेही असो, चीड वृक्षांच्या वनात गळून पडलेल्या तांबूस पानांत हा साप निश्चल पडला म्हणजे चटकन दिसत नाही. तो तांबडा रंग त्या भूमीने त्याला दिलेला आहे, व त्या भूमीवरच त्याचा अर्थ पुरा होतो.

आता रंगांच्या जातींकडे वळू. १९५३ साली उत्तर कॅरोलायना संस्थानात असा एक साप सापडला की, ज्याच्या अंगी काळा रंग मुळीच नव्हता. डॉ. बर्नार्ड बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तो वाढविला, त्याची प्रजा घेतली, आणि हे वैगुण्य मेंडेलच्या नियमानुसार अप्रकट राहून पुढच्या पिढीत प्रकट होते, हे आपल्या पत्नीच्या सहकार्याने १९६२ साली एका प्राणिशास्त्रीय नियतकालिकात सिद्ध करून दाखविले. पुढे तांबडा रंग नसलेला प्रकारही हाती आला. या दोहोंचा संकर केला असता पहिल्या पिढीची सारी पिल्ले मुळासारखीच ठिपकेदार निघतात. परंतु त्या पिल्लांचा आपसात संकर केला की सरासरीने सोळांत एक पिल्लू असे निघते, की ज्याला काळाही नाही व तांबडाही नाही. फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरे. त्याला ‘स्नो’, म्हणजे बर्फ, असे म्हणतात. मादी एका वेळी दहापासून तीसपर्यंत अंडी घालते व ती सुमारे दोन महिन्यांत फुटतात. तेव्हा या सोळांतल्या एकासाठी छंदी मनुष्याने दोन पिढ्या, म्हणजे काही वर्षे, धीर धरावा लागतो. हा धीर, ही टिपणे, ही वंशावळी पाहिल्या म्हणजे या लोकांस केवळ उडाणटप्पू म्हणणे अन्यायाचे होईल. वर्गात मेंडेलचा नियम फळ्यावर लिहून देणाऱ्या अध्यापकापेक्षा तो नियम अंड्यातून बाहेर येताना पाहणारा डोंबिवलीचा तरुण भाग्यवान आहे, असे आमचे मत आहे.

तथापि येथेच एक गोष्ट ध्यानात येते. या कलेतील बरीच नवलाई वजाबाकीची आहे. काळा काढला, तांबडा काढला, दोन्ही काढले. ठिपके जोडून पट्टे केले, पट्टेही पुसले. चित्रकार कागदावरची जागा मोकळी सोडतो तेव्हा त्या मोकळेपणाला भोवतीच्या रेषांचा आधार असतो. येथे ज्या भूमीमुळे रंगास अर्थ होता ती भूमी आधीच गेलेली, व तिच्यामागून रंगही गेला. पेटीतल्या कागदाच्या तुकड्यांवर ‘बर्फ’ सुंदर दिसते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ते सौंदर्य दागिन्यांच्या दुकानातील मखमलीच्या डबीतले आहे.

खरे कर्तृत्व नावांचे आहे. ‘स्नो’, ‘ब्लिझर्ड’, ‘सनग्लो’, ‘लॅव्हेंडर’, ‘कॅरामेल’ ही यादी वाचताना एखाद्या अत्तराच्या किंवा मिठाईच्या दुकानात आल्यासारखे वाटते. आपल्याकडील जुन्या कबुतरबाजांची नावे आठवून पाहावीत. गिरेबाज म्हणजे हवेत गिरक्या घेणारा. त्या नावात पक्षी काही करतो. अकबराच्या कबुतरांविषयी अबुल फझलने जे लिहून ठेवले आहे त्यातही पक्ष्यांच्या उड्डाणास व कोलांट्यांस मान आहे. सापाच्या या नव्या नावांत साप काहीच करीत नाही. तो नुसता दिसतो.

एक नाव मात्र निराळे होते, आणि त्याची कथा उद्बोधक आहे. दक्षिण कॅरोलायनात ओकीटी नावाच्या शिकारी मंडळाची विस्तीर्ण जमीन आहे. तेथील कॉर्न स्नेकांची तांबडी झळाळी व ठिपक्यांची जाड काळी किनार पाहून स्टेटन बेटावरील प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड यांनी १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांची वाखाणणी केली, व ‘ओकीटी’ हे नाव सर्वतोमुखी झाले. हे नाव खऱ्या अर्थाने एका ठिकाणाचे होते. आज काय स्थिती आहे? ज्या सापाच्या सात पिढ्यांनी ओकीटीची माती पाहिली नाही, त्यालाही किनार जाड असली की ‘ओकीटी’ म्हणून विकतात. ठाणेकरांस हा प्रकार नवा वाटू नये. वाड्याच्या मातीत न पिकलेला तांदूळ ‘वाडा कोलम’ म्हणून बाजारात मिळे, म्हणूनच तर २०२१ साली त्या नावास भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळवावे लागले. नाव ठिकाणापासून सुटले की ते लेबल होते. तांदळाच्या बाबतीत त्याने शेतकऱ्याचे नुकसान होते. सापाच्या बाबतीत कोणाचे होते, हे पुढील उदाहरणावरून दिसेल.

या जातींत ‘स्टारगेझर’, म्हणजे तारे निरखणारा, असे एक नाव आहे. नाव ऐकून कोणास वाटेल की हा एखादा नक्षत्रांसारखा ठिपकेदार प्रकार असावा. प्रत्यक्षात तो एक आनुवंशिक रोग आहे. या सापाच्या शरीराचा तोल बिघडलेला असतो. त्याला डिवचले वा तो घाबरला की मान वळून मस्तक आकाशाकडे जाते, पोट कोणते व पाठ कोणती याचे भान राहत नाही, आणि तो गडबडा लोळतो. ‘सनकिस्ड’ या लोकप्रिय रंगाच्या वंशात हा दोष प्रथम पसरला, कारण तो रंग मिळविण्यासाठी जवळच्या नात्यातल्याच जोड्या पुनःपुन्हा लावल्या गेल्या. दोष अप्रकट राहणारा असल्यामुळे निरोगी दिसणारा साप तो पुढे नेत असतो. प्रामाणिक पैदासकारांनी पुढे हा दोष हुडकण्यासाठी मुद्दाम संकर करून वंश तपासले, ही त्यांच्या बाजूने नमूद करण्यासारखी गोष्ट होय. परंतु व्याधीला काव्यमय नाव देणारी ही वृत्ती आम्हांस चिंताजनक वाटते. अपस्मार झालेल्या मुलास कोणी ‘नर्तक’ म्हणाला, तर आपण त्याच्या रसिकतेची वाहवा करू काय? समीक्षकाचा या छंदावर मुख्य आक्षेप हा आहे. रंगावर नजर इतकी खिळली की रंगाखालचा जीव दिसेनासा झाला, आणि भाषेने त्या अंधत्वाला साह्य केले.

पेटी लहान असते, उंदीर गोठविलेले असतात, उन्हाळ्यात सापासाठी खोली गार ठेवावी लागते, इत्यादी आक्षेपांत आम्हांस फारसे तथ्य वाटत नाही. जो एवढा खर्च करतो तो सापाची काळजीही घेतो. मात्र हे साप येतात कोठून, हा प्रश्न टाळता येत नाही. २०२३ सालच्या डिसेंबरात मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडविलेले नऊ बॉल अजगर व दोन कॉर्न स्नेक सापडले. त्यांतील अजगर आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात असल्याने घरी बाळगणाऱ्यास त्याची नोंदणी करणे आता आवश्यक आहे; कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नाही, म्हणून देशात एकदा शिरल्यावर त्याची मोजदाद ठेवणारे कोणी नाही. परका साप मोकळा सुटला तर काय होते, हे पाहावयास ग्रँड केमन व अँग्विला या बेटांवर जावे. तेथे कॉर्न स्नेक रानात स्थायिक झाला आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. या परदेशी पाहुण्याचा एक भाऊबंद ठाणे जिल्ह्यात पूर्वीपासून राहतो. त्याचे मराठी नाव तस्कर. काही दशकांपूर्वीपर्यंत शास्त्रज्ञ या दोघांस ‘एलाफे’ या एकाच प्रजातीत घालीत. पुढे दोघांची घरे वेगळी केली गेली. दैवाचा विनोद असा, की तस्कर म्हणून ज्याची बदनामी झाली तो आपल्याच रानात उघड्यावर फिरतो, आणि ज्याचे कौतुक होते तो बिस्किटांच्या पुड्यांतून येतो. तस्करही बिनविषारी; तोही उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखतो. परंतु जिन्याखाली तो दिसला की काठी येते. त्याचप्रमाणे कवड्याला मण्यार समजून मारतात. नागपंचमीस पाटावर चंदनाचा नाग काढून त्याला लाह्या वाहणारे व त्या दिवशी घरात काही न चिरणारे आपण लोक, दुसऱ्या दिवशी धामण ठेचतो. हाफकिन संस्थेत आयुष्य घालविलेल्या डॉ. पी. जे. देवरसांचे भारतीय सर्पांवरील पुस्तक १९६५ साली निघाले, त्याला साठ वर्षे उलटून गेली. तरी सुशिक्षित घरांत नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांपलीकडे ओळख गेलेली नाही, आणि त्या चौघांचीही गफलत होते. आम्हां इंग्रजी शिकलेल्यांची ही जुनी खोड आहे. डॅफोडिल शाळेतच पाठ झालेले असते, आणि घरासमोर फुललेल्या बहाव्याचे नाव माळ्याला विचारावे लागते.

छंदी मित्र म्हणतील, देशी साप पाळावयास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. मग आम्ही करावे काय? कायद्याने पाळण्यास बंदी केली आहे, पाहण्यास नव्हे. ज्या डोळ्यांना ‘कॅरामेल’ व ‘बटर’ यांतला फरक एका नजरेत कळतो, त्या डोळ्यांसमोर तस्कर ठेवून पाहावा. अंगाच्या पुढच्या अर्ध्या भागावर काळसर आडवे पट्टे व त्यांत पांढऱ्या टिकल्या. मागच्या अर्ध्या भागात ते पट्टे विरतात आणि त्यांच्या जागी दोन्ही कुशींवरून गडद रेघा शेपटापर्यंत धावतात. जणू एकाच वस्त्रावर दोन विणकरांनी हात चालविला. मानेवर सपाटीच्या मुलखात दोन उभ्या काळ्या रेघा असतात. घाटमाथ्याच्या तस्करात त्यांच्या जागी आडवा पट्टा येतो. हा फरक कोणा पैदासकाराने जोड्या लावून आणलेला नाही, डोंगर व सपाटी यांनी आणला. चिडला म्हणजे तो पुढचा भाग उचलून इंग्रजी एस अक्षरासारखी वळणे घेतो व मान फुगवितो. घाबरलेले लोक त्यालाच फणा समजतात, आणि काठी तेथेच बसते. येऊरच्या डोंगरउतारावर, मुरबाड रस्त्याकडच्या भातखाचरांच्या बांधांवर, जुन्या दगडी भिंतींच्या फटींत तो राहतो, आणि पावसाळ्यात रात्री दिवा घेऊन हिंडणाऱ्यास क्वचित भेटतो.