वेदना दोन्ही गटांत कमी झाली, मग औषधाने केलं काय?

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईच्या औषधांच्या डब्यात प्रीगॅबालिनच्या कॅप्सूल दिसल्या. कंबरेतून पायात उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, तिला पावसाळ्यापासून होती. "हिच्यामुळेच बरं वाटलं गं," ती म्हणाली. मला लगेच एक पेपर आठवला.

जर्नल क्लबसाठी पहिला पेपर शोधत असाल तर हाच घ्या. स्टेफनी मॅथीसन आणि सहकाऱ्यांची सिडनीतली ही ट्रायल २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. सायटिकाचे २०९ रुग्ण: १०८ जणांना प्रीगॅबालिन, १०१ जणांना प्लासिबो. डोस दिवसाला १५० मिलिग्रॅमपासून वाढवत जास्तीत जास्त ६००, तोही आठ आठवड्यांपर्यंतच. मुख्य निकष साधा होता: आठव्या आठवड्यात पायातल्या वेदनेला रुग्ण ० ते १० मध्ये किती गुण देतो.

सुरुवातीला दोन्ही गट सहाच्या थोडे वर होते. आठव्या आठवड्यात प्रीगॅबालिनचा गट ३.७ वर आला. आता एक क्षण थांबा आणि फक्त हाच गट बघा. औषध जोरात चाललं असंच वाटेल ना? पण प्लासिबोचा गट ३.१ वर आला होता. सायटिका बऱ्याच जणांत आपोआप कमी होते, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तेच दुखणं टोकाला असताना. आई खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे तुलनेला दुसरा गट नव्हता, इतकंच.

"पी व्हॅल्यू ०.१९, म्हणजे फरक नाही" असं म्हणून पान उलटू नका. कॉन्फिडन्स इंटरव्हल वाचा. दोन गटांतला फरक ०.५, इंटरव्हल उणे ०.२ ते १.२. इथे अधिक चिन्ह म्हणजे प्रीगॅबालिनच्या गटात वेदना जास्त. म्हणजे औषधाच्या बाजूने सगळ्यात उदार राहिलो, तरी फायदा दहापैकी ०.२ गुणांचा. 'पुरावा अपुरा आहे' आणि 'मोठा फायदा असण्याची शक्यता फारच कमी आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. हा पेपर दुसरं विधान करतो.

दुष्परिणामांच्या नोंदी २२७ विरुद्ध १२४. सापळा इथेच आहे: या नोंदी आहेत, माणसं नाहीत. १०८ जणांत २२७ कसे, हा प्रश्न तुम्हाला स्वतःहून पडायला हवा. चक्कर ही तक्रार प्रीगॅबालिनच्या गटात जास्त होती.

आता पेपरची कमजोर बाजू. शीर्षकात नव्या आणि जुनाट, दोन्ही सायटिकाचा उल्लेख आहे, पण बहुतेक रुग्णांचं दुखणं तीन महिन्यांच्या आतलं होतं. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या दुखण्याबद्दल हा पेपर कमी बोलतो, आणि मधुमेहातल्या नसांच्या दुखण्याबद्दल तर काहीच नाही. तिथे चित्र वेगळं आहे. याच गटातल्या गॅबापेंटिनवरच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, दिवसाला १२०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोसवर १०० पैकी ३८ जणांची वेदना निम्म्याने तरी उतरली. प्लासिबोवर २१ जणांची. फायदा खरा आहे, पण निम्म्याहून जास्त लोकांना तो मिळाला नाही. 'नसांचं औषध' या एका नावाखाली सगळी दुखणी एकत्र बांधली की चूक होते.

मग मी आईला "बंद कर" म्हणाले का? तोंडापर्यंत आलं होतं. पण हे औषध एकदम तोडलं तर झोप उडते, मळमळतं, अस्वस्थ वाटतं, क्वचित झटकेही येतात. ते हळूहळूच उतरवावं लागतं. शिवाय ट्रॅमाडॉलसारखी ओपिऑइड औषधं सोबत असतील, वय जास्त असेल किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये तसा इशाराही दिला आहे. म्हणून मी फक्त विचारलं, "चक्कर येते का गं?" "सकाळी येते थोडी. मला वाटलं बीपी असेल."

एवढं एक वाक्य घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. चक्कर थांबली, पाय ठीक आहे. पण यावरून औषधाबद्दल मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही. का, ते आता तुम्ही सांगा.