महाद्वाराबाहेरची वाट : चोखोबांचे अभंग कसे वाचायचे?

आजचा विषय ऐकायला सोपा आहे. देवावर भरवसा ठेवून वाट पाहणे. आपण रोज म्हणतो ना, "त्याच्या मनात असेल तेव्हा होईल." मुलीचं लग्न जमत नाही, कोर्टातली केस वर्षानुवर्षं निघत नाही, घरात दीर्घ आजारपण आहे. अशा वेळी हे वाक्य माणसाला धरून ठेवतं, आणि त्याची टिंगल करायला आपण इथे बसलेलो नाही. पण या वाक्याची एक परीक्षा घ्यायची आहे. त्यासाठी आपण संत चोखामेळा यांचे अभंग समोर ठेवणार आहोत. कारण वाट पाहणं हे त्यांच्याइतकं कोणी भोगलेलं नाही.

वारकरी संप्रदायात वाट पाहण्याची गोष्ट देवापासूनच सुरू होते, हे आधी लक्षात घेऊ. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. देव दारात आला, तर त्याने वीट पुढे केली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला. पंढरपूरची मूर्ती म्हणजे वाट पाहणारा देव. आता गंमत बघा. देव गाभाऱ्यात उभा राहून वाट पाहतोय आणि त्याचा भक्त चोखा महाद्वाराबाहेर उभा राहून वाट पाहतोय. दोघं एकमेकांचीच वाट पाहताहेत. मग मधे कोण आहे? मधे दार आहे, आणि त्या दारावर माणसं आहेत.

हा साधा तपशील आपल्या कथनात कसा हरवतो, तेही पाहू. महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' लिहिला. त्यातून आणि पुढे कीर्तनांतून चोखोबांच्या चमत्कारांच्या गोष्टी घरोघरी गेल्या. देव रात्री येऊन त्यांना हाताला धरून आत नेतो. देव त्यांच्या अंगणात जेवायला बसतो. पुजारी चोखोबांच्या थोबाडीत मारतो आणि गाल सुजतो तो मूर्तीचा. या गोष्टी गोड आहेत, आणि देव कोणाच्या बाजूचा हे त्या ठामपणे सांगतात. पण त्यांत एक अडचण आहे. चमत्कार झाला की श्रोत्याचं समाधान होतं, आणि सकाळी दार पुन्हा बंदच असतं! गोष्ट संपते, वाट पाहणं संपत नाही.

अभंगांत असं समाधान मिळत नाही. तिथे चोखोबा बडव्यांकडून मार खातात आणि विठ्ठलाला धावून ये म्हणून हाक मारतात. आपला अपराध काय, असं त्यालाच विचारतात. विटाळ कोणाला आणि कशाचा, देह तर सगळ्यांचा सारखाच, असा सवाल करतात. म्हणजे भरवसा आणि तक्रार एकाच तोंडून येते. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडे माणूस तक्रार घेऊन जातच नाही. चोखोबांची श्रद्धा गप्प बसणारी नाही, ती देवाला जाब विचारते.

इथे कोणी म्हणेल, तुम्ही सोयीचं तेवढं उचलताय. चोखोबांच्याच नावावर असेही अभंग आहेत, ज्यांत हा जन्म पूर्वी घडलेल्या कृष्णनिंदेचं फळ म्हणून स्वीकारलेला आहे. आक्षेप बरोबर आहे, आणि ते अभंग झाकून ठेवायचे नाहीत. जन्मभर ज्याला बाहेर उभं केलं, तो कधीतरी स्वतःलाच दोषी धरू लागतो. लांबलेली वाट माणसाचं काय करते, त्याचा हा पुरावा आहे. पण तो स्वीकार देवाची योजना म्हणून इतरांना शिकवायचा, ही वाचनातली चूक आहे.

त्यांच्या घरातलीच माणसं बघा ना. पत्नी सोयराबाई विटाळाचा प्रश्न थेट देहापर्यंत नेतात. ज्या विटाळाशिवाय देहच घडत नाही, तो एका जातीचा कसा, अशी त्यांची मांडणी आहे. मुलगा कर्ममेळा तर समजूत घालूनच घेत नाही. असा जन्म दिलास कशाला, उष्टं खायला लावताना तुला काहीच कसं वाटत नाही, या अर्थाचं तो देवाला सुनावतो. एकच घर, एकच देव, एकच बंद दार. वडील सोसतात आणि विचारतात, आई युक्तिवाद करते, मुलगा भांडतो. संप्रदायाने हे तिन्ही आवाज जपले, ही त्याची मोठी गोष्ट. आपण मात्र बहुतेक वेळा सोसणाराच आवाज ऐकवतो.

पुढे काय झालं? परंपरेप्रमाणे १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी झाली ती महाद्वारासमोर, म्हणजे मेल्यावरही बाहेरच. ते दार दलितांसाठी उघडलं १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केल्यावर. मधे ६०९ वर्षं गेली. गुरुजी प्रार्थनेचा माणूस. देवाच्या मनात असेल तेव्हा दार उघडेल, असं त्यांनाही म्हणता आलं असतं. ते तसं म्हणाले नाहीत, कारण किल्ली देवाकडे नव्हती.

आणि सगळेच थांबले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. तरी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या पुस्तकाची अर्पणपत्रिका पाहा. तिथे नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा आहेत. दारापाशी थांबण्याचं नाकारणाऱ्याने दारापाशी थांबलेल्याचा मान राखला.

तेव्हा आपली परीक्षा एका प्रश्नाची आहे. किल्ली कोणाकडे आहे? पाऊस, आजार, मरण यांत कितीदा तरी किल्ली कोणाच्याच हातात नसते. तिथे धीर हा धीरच, आणि तो द्यावा. पण जिथे किल्ली माणसाच्या कमरेला आहे, तिथे देवाच्या इच्छेचं नाव सांगणं म्हणजे त्या माणसाला सोडून देणं. त्यातही एक पथ्य पाळू. स्वतःच्या दुःखात "त्याच्या मनात असेल तेव्हा" म्हणण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या वाट पाहण्यावर ते वाक्य टाकण्याचा हक्क आत उभ्या असलेल्या माणसाला नाही.

पंढरपूरला गेलो तर नामदेव पायरीपाशी आपण वाकतोच. समोरच चोखोबांची समाधी आहे. तिथे थोडं थांबू या, आणि आज आपल्या हातात कोणत्या दाराची किल्ली आहे, तेवढं आठवून मग आत जाऊ या.